अर्जदार : तानाका शोझो

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. निबंध म्हणजे एसे, आणि मराठीच्या पेपरात काठावर पास! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधाराव्यात आणि उरलेल्या वाचकांनी पोटात घालाव्यात, ही विनंती. विषय मात्र माझ्याकडे तयार होता.

मी शनिवार-रविवार जपानी भाषेच्या क्लासला जाते. (जपानी कंपन्यांत पॅकेज चांगलं मिळतं, हे खरं कारण. खोटं कशाला बोला!) एकदा आमच्या सेन्सेईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला, कोदोकु. को म्हणजे खनिज आणि दोकु म्हणजे विष. हा शब्द कुठून आला ते सांगता सांगता त्यांनी तानाका शोझोची गोष्ट सांगितली. तोपर्यंत माझ्या डोक्यातलं जपान म्हणजे चेरीची फुलं, बुलेट ट्रेन आणि फार तर सोनी. त्यात हा पांढऱ्या दाढीचा, विटक्या कपड्यांतला म्हातारा कुठे बसेना. मग सबमिशनच्या रात्री सबमिशन सोडून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसले. आमच्या विंगमध्ये हे नवीन नाही.

तानाका शोझोचा जन्म १८४१ सालचा, टोकियोच्या उत्तरेला असलेल्या कोनाका नावाच्या गावातला. आज हा भाग तोचिगि प्रांतातल्या सानो शहरात येतो. घराण्यात गावकारभार होता, म्हणजे आपल्याकडच्या पाटीलकीसारखं काहीतरी. सतराव्या वर्षी त्याच्याकडे तो कारभार आला. तिथल्या जहागीरदाराने रयतेच्या जुन्या हक्कांवर हात टाकायला सुरुवात केली तेव्हा शोझोने गावकऱ्यांच्या वतीने तक्रारी केल्या आणि १८६८ साली तुरुंगात गेला. खोली कसली, पिंजराच तो! सुमारे तीन फूट लांब, तीन फूट रुंद. नीट उभं राहता येत नाही आणि झोपताही येत नाही. जेवणातून विष घालतील या भीतीने तो बाहेरून चोरून आणलेल्या सुक्या माशावर दिवस काढायचा. दहा महिन्यांनी सुटला. पुढे उत्तरेकडे लहानशी सरकारी नोकरी धरली, तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खुनाचा आळ आला आणि १८७१ ते १८७४ पुन्हा तुरुंग. खून त्याने केला नव्हता. या तुरुंगात त्याने सॅम्युएल स्माइल्सच्या सेल्फ हेल्प या पुस्तकाचं जपानी भाषांतर वाचलं. आमच्या शाळेच्या लायब्ररीत हे पुस्तक होतं. कुणी कधी घेतलेलं मी पाहिलं नाही.

नंतरची काही वर्षं भरभर सांगते. १८८० साली तो प्रांताच्या विधानसभेत गेला. तिथल्या गव्हर्नरने रस्ते बांधायला लोकांना वेठीला धरलं, त्याला विरोध केला म्हणून १८८४ साली पुन्हा आत. १८८६ साली त्याच विधानसभेचा अध्यक्ष झाला. १८८९ साली सम्राट मेइजींनी देशाला राज्यघटना दिली, त्या समारंभाला अध्यक्ष या नात्याने तो हजर होता. घटनेत प्रजेला अर्ज करण्याचा हक्क लिहिला होता आणि मालमत्तेला संरक्षणही. शोझोने ते अगदी मनावर घेतलं, असं मला वाटतं. पुढचं त्याचं सगळं आयुष्य म्हणजे ही कलमं खरी आहेत की नुसती छापलेली, याची परीक्षाच होती. १८९० साली पहिली राष्ट्रीय संसद भरली. त्यात तो खासदार म्हणून निवडून आला, आणि पुढे एकूण सहा वेळा.

आता आशिओबद्दल. हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण माझी ब्रँच केमिकल.

आशिओ ही डोंगरातली जुनी तांब्याची खाण. संपत आली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली. १८७७ साली फुरुकावा इचिबेई नावाच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं, पण १८८१ आणि १८८४ साली तिथे तांब्याच्या मोठ्या शिरा सापडल्या आणि बघता बघता देशातलं एक तृतीयांशाहून जास्त तांबं एकट्या आशिओतून निघायला लागलं. १८९० साली सीमेन्सच्या मदतीने खाणीचं स्वतःचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं. १८९३ साली तांब्यासाठी बेसेमर कन्व्हर्टर आला. आमच्या पुस्तकात हे सगळं आलं असतं तर प्रगती या हेडिंगखाली आलं असतं, आणि मी ते पाच मार्कांसाठी पाठ केलं असतं. हे तांबं परदेशी जायचं आणि त्या पैशातून जपान जहाजं, तोफा, यंत्रं घ्यायचा. म्हणजे खाण बंद करा असं म्हणणं हे जवळजवळ देशद्रोहासारखं.

तांब्याचं खनिज बहुतेक ठिकाणी गंधकाबरोबर असतं. भट्टीत भाजलं की गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. आशिओत तो दरीतच साठून राहायचा. झाडं जळायला लागली. जी उरली ती खाणीतल्या आधाराच्या खांबांसाठी आणि कोळशासाठी तोडली. डोंगर बोडके झाले, पाऊस धरून ठेवायला काही उरलं नाही. खनिज धुतल्यावर उरलेला गाळ आणि टाकाऊ दगडांचे ढीग नदीकाठीच. आणि नदी कोणती, तर वातारासे, जिच्या पाण्यावर खालच्या मैदानातली शेकडो गावं भातशेती करायची. पूर्वी पुराने चांगला गाळ यायचा, शेतकऱ्यांना तो हवाच असायचा. १८८५ च्या सुमारास नदीत मासे मरून तरंगायला लागले. १८९० च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला आणि या वेळी गाळाबरोबर तांबं आलं. पूर ओसरला, तरी भात उगवेना. शेतकरी मातीची ढेकळं घेऊन कृषी महाविद्यालयात गेले. तिथल्या कोझाई योशिनाओ या प्राध्यापकांनी परीक्षण करून स्पष्ट सांगितलं, की यात तांबं आहे आणि पिकं त्यामुळेच जात आहेत. या सरांना माझा दंडवत. सगळेच शास्त्रज्ञ असं स्पष्ट बोलत नाहीत.

१८९१ च्या डिसेंबरमध्ये शोझोने संसदेत पहिला प्रश्न विचारला. त्याचं म्हणणं साधं होतं. खाण कायद्यात सार्वजनिक हिताला बाधा आली तर परवाना रद्द करता येतो असं कलम आहे, ते का वापरत नाही? संबंधित खात्याचे मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु. त्यांचा दुसरा मुलगा फुरुकावाला दत्तक दिलेला होता! हे वाचून मला वाटलं होतं की असं फक्त आपल्याकडच्या सिनेमातच असतं. सरकारचं उत्तर आलं ते असं, की नुकसान झालंय हे खरं, पण कारण नक्की कळलेलं नाही, तज्ज्ञ तपास करताहेत आणि कंपनी परदेशातून यंत्रंही मागवत आहे. ही यंत्रं खनिजाची भुकटी पकडायची, म्हणजे त्यात कंपनीचाच फायदा. पण तेवढ्या भांडवलावर शेतकऱ्यांशी करार झाले. थोडे पैसे घ्या आणि १८९६ च्या जूनपर्यंत, यंत्रांची चाचणी संपेपर्यंत, कुठेही तक्रार करू नका. बहुतेकांनी सह्या केल्या. दोन वर्षं पीक नाही, घरात धान्य नाही, मग माणूस काय करणार? त्यांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

जून १८९६ उलटला आणि सप्टेंबरमध्ये आधीपेक्षाही मोठा पूर आला. यंत्रांची चाचणी अशी निकालात निघाली.

मग शेतकरी उठले. उनर्यूजी नावाच्या देवळात त्यांनी ऑफिस थाटलं आणि ठरवलं की अर्ज पोस्टाने पाठवून उपयोग नाही, पायी घेऊन जायचा. १८९७ च्या मार्चमध्ये एकाच महिन्यात दोनदा हजारो शेतकरी टोकियोच्या दिशेने निघाले, साठ-सत्तर किलोमीटर, थंडीत, अंगावर गवताचे रेनकोट. (इरलं म्हणतात ना आपल्याकडे, तसंच काहीसं. हा शब्द मला आईने फोनवर सांगितला.) वाटेत पोलीस अडवायचे, तरी काही शेकडा लोक पोचायचेच. या दणक्याने मंत्री एनोमोतो ताकेआकी स्वतः त्या भागात गेले, डोळ्यांनी पाहिलं आणि परत येऊन राजीनामा दिला. असा मंत्री मला आवडला. सरकारने चौकशी समिती नेमली आणि मे १८९७ मध्ये खाणीला ३७ कलमांचा हुकूम काढला. गाळ बसवायचे तलाव बांधा, पाणी गाळायची सोय करा, धुरातला गंधक काढायचा मनोरा उभारा, आणि हे सगळं दिलेल्या मुदतीत, नाहीतर खाण बंद.

इथे इंजिनीअर लोक कामाला लागले. फुरुकावाने दहा लाख येनहून जास्त खर्च केला, दिवसरात्र काम चाललं आणि मुदतीत सगळं पूर्ण. डेडलाइन पाळली! फक्त एकच अडचण होती, ते चालत नव्हतं. त्या मनोऱ्यात धुरावर चुन्याच्या निवळीचा फवारा मारायचे. तत्त्व अगदी बरोबर आहे, आम्ही ॲब्सॉर्प्शनची गणितं अशाच कॉलमवर करतो. पण त्या काळच्या धुरापुढे तो मनोरा तोकडा पडला. भट्टीच्या वरच्या अंगाला असलेलं मात्सुकी गाव १९०२ साली लोकांनी सोडलं. गंधकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो १९५६ साली, फिनलंडची नवी भट्टी आणून वायूचं सल्फ्युरिक ॲसिड करायला लागल्यावर. म्हणजे ५९ वर्षांनी. मधल्या काळात कागदावर मात्र काम झालेलं होतं, कारण सरकारी तपासनिसांनी तसं मान्य केलं होतं. या तपासणीच्या खात्याचे प्रमुख मिनामी तेइझो पुढे फुरुकावाच्या नोकरीत गेले आणि आशिओ खाणीचेच मुख्य झाले. यावर मी काही लिहीत नाही. जर्नलवर सही घेताना सगळ्यांनी एकदा आठवावं, एवढंच.

आणखी एक गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). नापीक झालेल्या जमिनीवरचा कर सरकारने माफ केला. चांगलंच केलं की, असं आपल्याला वाटेल. पण त्या वेळी मतदानाचा हक्क १५ येन कर भरणाऱ्यालाच होता. कर गेला, त्याबरोबर मतही गेलं. ज्यांना सरकारला जाब विचारायचा होता, नेमके तेच मतदार यादीतून गळले.

१८९८ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा पूर, पुन्हा मोर्चा. या वेळी दहा हजारांच्या आसपास लोक निघाले होते. शोझो आजारी होता, तरी टोकियोच्या वेशीवर होकिमा इथे त्यांना आडवा गेला आणि परत फिरा म्हणाला. कारण तेव्हा पहिल्यांदाच राजकीय पक्षांचं मंत्रिमंडळ आलं होतं, त्याच्या ओळखीच्या माणसांचं. आपलं सरकार आहे, मी बोलतो, ऐकलं नाही तर मीही तुमच्याबरोबर चालेन, असा शब्द त्याने दिला. लोक रडले आणि परत गेले, पन्नासेक प्रतिनिधी तेवढे पुढे गेले. काही आठवड्यांतच ते मंत्रिमंडळ कोसळलं. झालं काहीच नाही. आयुष्यातली ही एक गोष्ट त्याला फार लागली असणार, कारण यानंतरचा शोझो वेगळाच दिसतो. १८९९ साली खासदारांचा भत्ता ८०० येनवरून २००० करण्याचं विधेयक आलं, तेव्हा त्याने विरोध केला आणि विधेयक पास झाल्यावर वाढीव नव्हे, सगळाच भत्ता नाकारला.

१३ फेब्रुवारी १९०० रोजी चौथा मोर्चा निघाला. अडीच हजारांहून जास्त शेतकरी, बरोबर गाड्यांवर चढवलेल्या दोन नावा, कारण पोलीस तोने नदीवरचा पूल अडवणार हे माहीत होतं. कावामाता इथे पोलिसांनी गाठलं आणि झोडपलं. ५१ जणांवर खटले भरले. चार दिवसांनी शोझोने संसदेत जो प्रश्न विचारला, तो जपानमध्ये आजही सांगतात. देश बुडतोय हे ज्यांना कळतही नाही त्यांचा देश बुडालेलाच असतो, असा त्याचा रोख होता. पंतप्रधान यामागाता आरितोमो यांनी उत्तर दिलं, की प्रश्नाचा अर्थच लागत नाही, सबब उत्तर नाही. विषय संपला.

खटल्याची कथा तर औरच. सुनावणीत सरकारी वकिलांचं भाषण चाललेलं असताना शोझोने मोठ्ठी जांभई दिली. त्याबद्दल त्याच्यावर अधिकाऱ्याचा अपमान केल्याचा वेगळा खटला झाला आणि १९०२ साली चाळीस दिवसांची शिक्षा भोगावी लागली. (हा नियम आमच्या लेक्चर्सना लावला तर अख्खा वर्ग आत जाईल.) आणि शेतकऱ्यांच्या खटल्याचा शेवट काय झाला? १९०२ च्या डिसेंबरमध्ये सेंदाईच्या कोर्टाने तो सगळा खटलाच रद्द केला, कारण आरोपपत्रावर सरकारी वकिलाची स्वतःच्या हाताची सही नव्हती. एवढी वर्षं शेतकऱ्यांनी हजारो सह्या केल्या त्या कुणी वाचल्या नाहीत, आणि एक सही राहिली तर खटला बाद!

सहीचं निघालं म्हणून एक सांगायचंय. लिहू की नको असं चाललं होतं. आमच्या गावाजवळ एक कारखाना आहे, नाव नको. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींचं पाणी तीनेक वर्षांपासून पिवळट येतं. गेल्या दिवाळीत बाबा आणि आळीतली माणसं अर्ज लिहीत होती. तू केमिकलची ना, मग तूच लिही, असं म्हणून बाबांनी कागद माझ्याकडे दिला. मी बाटलीत पाणी भरून कॉलेजला आणलं, पीएच काढला, आकडे घालून नीट अर्ज लिहिला. आधी इंग्लिशमध्ये, मग बाबांनी तो मराठीत करायला लावला. सह्या बाबांच्या, काकांच्या, शेजारच्या आजींचा अंगठाही आहे. माझी सही नाही. आकडे मी काढले, मसुदा माझा, पण सही करायच्या वेळी मी बाबांना म्हटलं की मी इथे राहतच नाही, माझी कशाला. खरं कारण वेगळं होतं. तसल्याच कंपन्या पुढच्या वर्षी आमच्याकडे इंटरव्ह्यूला येतील, तेव्हा कुठे नाव निघालं तर, असं मनात आलं होतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. असो.

१९०१ च्या ऑक्टोबरमध्ये शोझोने खासदारकी सोडली. संसदेत प्रश्न विचारून झाले, मंत्र्यांना भेटून झालं, मोर्चे झाले. आता वर एकच जण उरला होता, सम्राट. जुन्या काळी राजाला थेट अर्ज देणाऱ्याला मरणाची शिक्षा असायची. गावासाठी असा अर्ज देऊन मेलेल्या कारभाऱ्यांच्या कथा शोझो लहानपणापासून ऐकत आला होता. अर्ज दरबारी भाषेत हवा म्हणून त्याने कोतोकु शूसुई या तरुण पत्रकाराकडून तो लिहून घेतला. (हाच शूसुई १९११ साली सम्राटाविरुद्ध कटाच्या आरोपावरून फासावर गेला.) मग शोझोने त्यात स्वतःच्या हाताने खाडाखोड केली आणि प्रत्येक दुरुस्तीवर आपला शिक्का उमटवला. मरायला निघालेला माणूस दुरुस्त्यांवर शिक्के मारत बसतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

१० डिसेंबर १९०१. संसदेचं उद्घाटन करून सम्राटांची घोडागाडी हिबियातून परत चालली होती. साठीचा शोझो काळ्या कपड्यांत गर्दीतून पुढे धावला, हातात अर्ज उंच धरलेला. एक घोडेस्वार त्याच्यावर वळला तो घोड्यासकट पडला, शोझोही अडखळला आणि पोलिसांनी त्याला धरलं. गाडी निघून गेली. अर्ज सम्राटांच्या हातात पडलाच नाही.

त्याला फाशी झाली नाही, खटलाही झाला नाही. एक वेडा मनुष्य गाडीसमोर आला, अशी नोंद करून त्याच दिवशी सोडून दिलं. खटला भरला असता तर त्याला कोर्टात बोलता आलं असतं ना! वेडा ठरवलं की सगळंच मिटतं.

पण अर्जाचा मजकूर वर्तमानपत्रांनी छापला आणि टोकियोत खळबळ उडाली. हॉस्टेलवाल्यांनी हे जरूर वाचावं. २७ डिसेंबरला कॉलेजांमधले हजारावर विद्यार्थी त्या उजाड गावांत जाऊन आले, उचिमुरा कान्झोसारखे नामवंत त्यांच्याबरोबर होते. सरकार एवढं घाबरलं की विद्यार्थ्यांच्या अशा सहलींवर बंदी आली. त्याच्या आधीच एका सभेत कावाकामी हाजिमे या टोकियोच्या विद्यार्थ्याने ऐन थंडीत अंगावरचा ओव्हरकोट आणि मफलर काढून मदतीत टाकले होते. तो पुढे मोठा अर्थतज्ज्ञ झाला. इशिकावा ताकुबोकु, पुढचा मोठा कवी, तेव्हा शाळेत होता. त्याने मित्रांबरोबर वर्तमानपत्रं विकून पैसे पाठवले. आणि शिगा नाओया, पुढचा मोठा लेखक, वय अठरा, गावं बघायला निघाला तर वडिलांनी अडवलं, कारण त्याच्या आजोबांचा फुरुकावाच्या खाणीशी जुना व्यवहार होता. बापलेकांचं त्यावरून जे बिनसलं ते पुढे कित्येक वर्षं.

सरकारने आता जे केलं ते फार हुशारीचं होतं. नवी समिती नेमली आणि तिने सांगितलं की खरा प्रश्न पुराचा आहे. नदी पूर आणते, पुराबरोबर विष येतं, म्हणून पुराचं पाणी साठवायला खाली एक मोठा तलाव करा. खाणीचा प्रश्न गायब! तलावासाठी जागा निवडली यानाका गावाची. साडेचारशेच्या आसपास घरं, २७०० माणसं, आणि त्या वेळी चळवळीचं सगळ्यात जोरात असलेलं गाव. नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांना वाटलं, आपल्याकडचा पूर जाणार असेल तर जाऊ दे एक गाव. चळवळ फुटली. १९०४ साली, ६२ वर्षांचा शोझो यानाकात राहायलाच गेला. वरच्या गावांतले त्याचे जुने साथीदार एकेक करून दुरावले. मला वाटतं, पोलिसांच्या लाठीपेक्षा हे जास्त दुखलं असेल.

१९०६ साली गाव सरकारी कागदावरून पुसलं. बहुतेकजण मिळेल ते घेऊन निघून गेले, काही तर थेट उत्तरेला होक्काइदोला. शेवटी सोळा घरं उरली. १९०७ च्या जून अखेरीला पोलीस आणि मजूर आले आणि सात दिवसांत सोळाही घरं पाडली. तेव्हा गृहमंत्री होते हारा ताकाशी, त्याच्या आधी फुरुकावाच्या कंपनीत उपाध्यक्ष. घरं पाडल्यावरही ती माणसं गेली नाहीत. त्याच जागेवर खोपटी बांधून भर पावसात राहिली. अराहाता कान्सोन या मुलाने त्याच ऑगस्टमध्ये यानाका कसं नष्ट केलं याचं पुस्तक लिहून छापलं. वय वर्षं वीस! माझ्याएवढाच. पुस्तकावर लगेच बंदी आली.

शेवटची वर्षं शोझो नद्यांच्या काठाने चालत होता. वातारासे, तोने, त्यांच्या उपनद्या, कुठे पाणी किती चढतं, कुठे अडतं, ते गावोगावच्या लोकांना विचारून लिहून ठेवायचा. सरकारी इंजिनीअरांचा तलावाचा हिशोब चुकलाय, हे त्याला आकड्यांनी सिद्ध करायचं होतं. सत्तरीचा माणूस, शिक्षण खेडेगावातलं, आणि हायड्रॉलॉजीचा सर्व्हे करतोय! घर नव्हतं, मालमत्ता आधीच चळवळीत गेलेली. असाच फिरताना १९१३ च्या ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी तो कोसळला. पोटाचा कॅन्सर होता. ४ सप्टेंबरला तिथेच गेला, वय ७१.

त्याच्या मागे उरलं काय, तर एक गवती टोपी आणि कापडी पिशवी. पिशवीत होतं एक हस्तलिखित, बायबलचा नवा करार, रोजनिशी, थोडे कागद, नदीचे तीन लहान दगड आणि एकत्र शिवलेल्या दोन गोष्टी, मॅथ्यूचं शुभवर्तमान आणि देशाची राज्यघटना. मॅथ्यू आम्हाला शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला होता. दुसऱ्या कुठल्या कागदाबरोबर तो शिवता येतो हे मला कधी सुचलं नसतं. अंत्यविधीला हजारो लोक लोटले. अस्थी एका ठिकाणी ठेवल्या नाहीत, नदीकाठच्या गावांनी वाटून घेतल्या.

यानाकातले उरलेले लोक १९१७ पर्यंत टिकले आणि मग त्यांनीही जागा सोडली. १९५८ साली खाणीच्या गाळाचा एक बांध फुटून पुन्हा शेतं विषारी झाली आणि शेतकऱ्यांची पुढची पिढी उठली. १९७३ साली खाण बंद झाली. १९७४ साली कंपनीने जबाबदारी मान्य करून १५५ कोटी येन भरपाई दिली. शोझोच्या पहिल्या प्रश्नानंतर ८३ वर्षांनी! त्याच गाळाच्या ढिगाचा काही भाग २०११ च्या भूकंपात परत नदीत आला, म्हणजे प्रकरण पुरतं मिटलंय असंही नाही. सम्राटांना देता न आलेला तो अर्ज, शिक्क्यांसकट, सानोच्या म्युझियममध्ये जपून ठेवला आहे. २०१४ साली सम्राट अकिहितो तिथे गेले आणि त्यांनी तो पाहिला. मेइजींचे ते पणतू. अर्ज राजघराण्यापर्यंत पोचायला ११२ वर्षं लागली.

यानाकाच्या जागी आता वातारासेचं मोठं पूरक्षेत्र आहे. बोरूची बेटं, पक्षी, २०१२ पासून रामसर यादीत नाव. मधोमध एक तलाव आहे. सॅटेलाइट मॅपवर तो मी रूममेटला दाखवला तर ती म्हणाली, अय्या, बदाम! खरंच त्याचा आकार बदामाचा आहे. कुणा आर्किटेक्टने प्रेमात पडून तसा केलेला नाही. १९७० च्या दशकात तलाव खोदताना बुलडोझर जुन्या गावाच्या कबरींपर्यंत आले, तेव्हा यानाकावाल्यांची मुलं-नातवंडं तिथे आडवी गेली. मग कबरी आणि देवळाची जागा वगळून तलाव खोदावा लागला. बदामाची वरची खाच दिसते ना, ती ही जागा.